लाल मातीतील मुदत ठेव

मसाल्याच्या व्यापारात असलेल्या घरांना व्हिएतनामचे नाव नवे नाही. काळी मिरी पिकवण्यात आज तो देश जगात पहिला आहे, आणि ज्या प्रांतांत ती मोठ्या प्रमाणावर होते त्यांपैकी एक म्हणजे मध्य पठारावरील जिया लाय. ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली लालभडक माती, त्या मातीत मिरी, कॉफी आणि रबर यांचे मळे, आणि मधूनमधून जराय व बाहनार या आदिवासी समाजांची गावे, असा हा मुलूख. प्लेइकू हे तिथले मुख्य शहर. बाहेरच्या जगाला हे नाव पूर्वी ठाऊक होते ते युद्धामुळे. फेब्रुवारी १९६५ मध्ये येथील अमेरिकी तळावर हल्ला झाला आणि त्यानंतर उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाला वेग आला. आज त्याच प्लेइकूचे नाव व्हिएतनाममधील लहान मुलगाही घेतो, पण ते एका फुटबॉल संघामुळे. त्या संघाची कथा खेळाची आहेच. परंतु भांडवल कशात घालावे, किती काळ घालावे आणि परतावा कशाला म्हणावे, हे प्रश्न ज्यांच्या घरात रोज चर्चेला येतात, त्यांनाही ती विचारात पाडणारी आहे.

देशाचे एकीकरण झाल्यावर १९७६ मध्ये या भागाचा एक संघ उभा राहिला. त्या काळी व्हिएतनाममधील संघ सरकारी खात्यांचे असत. कोणी सैन्याचा, कोणी पोलिसांचा, कोणी रेल्वेचा, कोणी बंदराचा. डोंगराळ प्रांताच्या या संघाजवळ पैसा नव्हता आणि नावही नव्हते. २००० साली राष्ट्रीय स्पर्धेला व्यावसायिक रूप आले, परदेशी खेळाडूंना दार उघडले आणि खर्च वाढला. प्रांतिक सरकारांना हा भार पेलेना. तेव्हा अनेक ठिकाणी उद्योगपतींनी संघ दत्तक घेतले. अशा मालकाला तिकडे ‘बाउ’ म्हणतात. हा शब्द मूळचा रंगभूमीवरचा. आपल्याकडच्या नाटक मंडळीच्या मालकासारखा. नटांना पोसणारा, खेळ लावणारा आणि तोटा झाला तर तो सोसणारा.

जिया लायचा संघ २००१ मध्ये ज्यांनी घेतला, त्या दोआन न्गुयेन दुक यांना सारा देश ‘बाउ दुक’ म्हणून ओळखतो. शेजारच्या बिन्ह दिन्ह प्रांतात जन्मलेला हा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पुनःपुन्हा नापास झाला. पुढे १९९० च्या सुमारास त्यांनी प्लेइकूजवळ शाळेची बाके बनवणारा एक लहानसा कारखाना काढला. बाकांवरून लाकडी सामान, मग ग्रॅनाइट, मग हॉटेले व इमारती, असा पसारा वाढत गेला. उद्योगाला त्यांनी मुलीचे नाव दिले, होआंग आन्ह. आणि त्याच्या मागे प्रांताचे. संघ घेतल्यावर तेच नाव संघालाही मिळाले: होआंग आन्ह जिया लाय.

नव्या मालकाची पहिली मोठी खरेदी साऱ्या देशाला चकित करणारी होती. थायलंडचा कियातिसुक सेनामुआंग हा त्या वेळी आग्नेय आशियातील सर्वांत नावाजलेला आघाडीचा खेळाडू होता. इंग्लंडमधील एका क्लबानेही त्याला करारबद्ध केले होते. असा खेळाडू २००२ मध्ये व्हिएतनामच्या दुसऱ्या श्रेणीतील, डोंगरातल्या एका संघात येऊन दाखल झाला. त्याच्यामागून आणखी थाई खेळाडू आले. संघ त्याच वर्षी वरच्या श्रेणीत चढला, आणि वर येताच २००३ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. २००४ मध्ये विजेतेपद पुन्हा प्लेइकूलाच आले. ज्या गावाला कोणी पाहुणा म्हणून येत नसे, तिथे आता हनोई व सायगावचे संघ धास्तावून येऊ लागले. दुक यांच्या लाकडी सामानाची जाहिरात जी वर्षानुवर्षे झाली नसती, ती दोन हंगामांत झाली. या खरेदीचा हिशेब चोख होता. मूल्य मोजले, माल मिळाला.

पण बाजाराचा एक नियम आहे. जे एकाला विकत मिळते ते दुसऱ्यालाही मिळते. प्लेइकूचे पाहून इतर प्रांतांतील धनिक उतरले. खेळाडूंचे भाव चढले. संघांची नावे कंपन्यांच्या नावांबरोबर बदलू लागली. २००९ मध्ये सैन्याचा एक जुना संघ एका बँकेच्या नावाने सायगावात उभा राहिला आणि २०१२ च्या हंगामानंतर बंद झाला. सिमेंट उद्योगाच्या आधारावर उभा असलेला निन्ह बिन्ह प्रांताचा संघ २०१४ मध्ये सामन्यांच्या निकालांची विक्री उघड झाल्यावर स्पर्धेतून बाहेर पडला. ज्या वेगाने पैसा आला होता त्याच वेगाने तो निघून गेला. मागे राहिली रिकामी मैदाने आणि खेळावरचा विश्वास गमावलेले प्रेक्षक.

दुक यांनी हे वादळ येण्याच्या आधीच, २००७ मध्ये, वेगळी वाट धरली होती. लंडनचा आर्सेनल क्लब आणि फ्रान्सचे माजी खेळाडू ज्याँ-मार्क गियू यांची प्रशिक्षण संस्था, या दोघांशी त्यांनी करार केला आणि प्लेइकूजवळ हाम रोंग येथे निवासी अकादमी उघडली. गियू यांनी याआधी आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे अशीच अकादमी चालवली होती. कोलो आणि याया तूरे हे बंधू तिथलेच विद्यार्थी. त्यांची पद्धत चमत्कारिक वाटावी अशी होती. मुलांना सुरुवातीची वर्षे बूट मिळत नसत. अनवाणी पायाने चेंडू हाताळायचा, तो जमिनीला न लावता उडवत ठेवायचा, आणि ठरलेली कसोटी पार पडली की मगच पायात बूट. जिंकण्याची घाई नाही, शरीराच्या ताकदीवर भर नाही. आधी पायाला चेंडूची ओळख. खेळाबरोबर शाळेचे शिक्षण आणि इंग्रजीचे पाठ.

पहिल्या तुकडीसाठी देशभरातून हजारो मुले चाचणीला आली. त्यांतून निवडली गेली ती जेमतेम डझन-दीड डझन. न्घे आन प्रांतातील एका गरीब शेतकरी घरातला न्गुयेन कॉन्ग फुऑंग त्यांपैकी एक. आपल्याच प्रांताच्या प्रसिद्ध संघाने त्याला किरकोळ अंगकाठीमुळे परत पाठवले होते. उत्तरेकडील डोंगराळ तुयेन क्वांगचा शुआन त्रुऑंग, थाय बिन्हचा तुआन आन्ह, हाय झुऑंगचा वान तोआन, दक्षिणेकडील बिन्ह फुऑकचा हाँग दुय हेही त्या तुकडीतले. बारा वर्षांच्या आसपासची ही मुले शेकडो किलोमीटर दूर, आईबापांना सोडून, त्या लाल मातीत राहायला आली. गिओम ग्रेशेन हे फ्रेंच प्रशिक्षक त्यांचे गुरू झाले.

येथे हिशेबनिसाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एखादा क्लब दुसऱ्या क्लबाकडून खेळाडू विकत घेतो, तेव्हा त्यासाठी दिलेली रक्कम ताळेबंदात मत्ता म्हणून दाखवता येते आणि कराराच्या वर्षांत विभागून ती कमी केली जाते. पण जो मुलगा घरी वाढवला, ज्याच्या जेवणावर, शाळेवर आणि गुरूवर सात वर्षे खर्च झाला, त्याची ताळेबंदात किंमत सहसा शून्य असते. तो सारा खर्च त्या त्या वर्षाच्या नफातोट्यात नावे पडून संपतो. विकत घेतलेले दिसते, घडवलेले दिसत नाही. म्हणून हाम रोंगची अकादमी दरवर्षी वहीत केवळ तोटा म्हणूनच उतरत राहिली. २००४ नंतर चषक आला नाही. लोक विचारू लागले की बाउ दुक यांनी खेळ सोडला की काय.

याच वर्षांत दुक यांचा उद्योग दुसऱ्याही एका दीर्घ मुदतीच्या लागवडीत शिरला होता. २००८ च्या अखेरीस कंपनीचे समभाग सायगावच्या शेअर बाजारात नोंदले गेले आणि ते काही काळ त्या बाजारातील सर्वांत श्रीमंत भागधारक ठरले. स्वतःचे विमान घेणारे पहिले व्हिएतनामी म्हणून त्यांचे नाव गाजले. त्यानंतर समूहाने लाओस व कंबोडियात हजारो हेक्टरवर रबर लावले. रबराचे झाड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी चीक देते. मुलगाही बाराव्या वर्षी आणला तर एकोणिसाव्या वर्षी मैदानात उतरतो. दोन्ही लागवडी एकाच मालकाच्या, दोघींची मुदत जवळजवळ सारखी. पण त्यांचे नशीब वेगळे निघाले.

रबराची लागवड कर्जावर उभी होती. २०११ च्या आरंभी नैसर्गिक रबराचा भाव टनाला पाच हजार डॉलरच्या वर गेला होता. २०१६ उजाडेपर्यंत तो दीड हजाराच्याही खाली आला. झाडे चीक देण्याच्या वयात आली तेव्हा चिकाला भाव उरला नव्हता, आणि व्याज मात्र झाडाच्या वाढीची वाट पाहत थांबले नव्हते. २०१६ मध्ये समूहावरील कर्जाचा आकडा एक अब्ज अमेरिकी डॉलरहून अधिक झाला आणि हप्ते थकले. या मळ्यांवर आणखीही एक डाग होता. २०१३ मध्ये ग्लोबल विटनेस या संस्थेने अहवाल काढून, रबरासाठी कंबोडिया व लाओसमधील गावकऱ्यांच्या जमिनी आणि जंगले गेली असा आरोप केला. समूहाने तो नाकारला. तरीही दुक यांची कथा सांगताना हे पान फाडून टाकता येणार नाही. एकाच हाताने हाम रोंगची शाळा काढली आणि त्याच हाताच्या मळ्यांविषयी दूरच्या गावांतून तक्रार आली. माणसाचा हिशेब एका खात्यावर पुरा होत नाही.

मुलांची लागवड मात्र वेळेवर फळाला आली. २०१३ मध्ये देशाच्या एकोणीस वर्षांखालील संघात हाम रोंगची मुले भरली होती आणि प्रशिक्षक ग्रेशेनच होते. त्या वर्षी आशियाई पात्रता फेरीत या संघाने ऑस्ट्रेलियाला ५-१ असे हरवले. निकालांच्या विक्रीला विटलेल्या प्रेक्षकांना एकाएकी असे खेळाडू दिसले, जे पडले तर पंचांकडे न पाहता उठत होते, पायाला पाय लावून पाडापाडी करत नव्हते आणि चेंडूशी खेळताना हसत होते. तिकिटांसाठी रांगा लागल्या. ज्यांनी मैदानावर जाणे सोडले होते, ते मुलाबाळांना घेऊन परत आले.

मग दुक यांनी असा निर्णय घेतला, जो कोणत्याही व्यवहारी सल्लागाराने त्यांना घेऊ दिला नसता. २०१५ च्या हंगामासाठी मुख्य संघातील बहुतेक अनुभवी खेळाडूंना त्यांनी निरोप दिला आणि वीस वर्षांच्या आतबाहेरची ही मुले थेट वरच्या श्रेणीत उतरवली. प्लेइकूच्या पहिल्याच सामन्यात संघाने खान्ह होआला ४-२ असे हरवले आणि गाव आनंदाने वेडे झाले. पुढे मात्र धसमुसळ्या, अनुभवी प्रतिस्पर्ध्यांनी या मुलांना चांगलेच रगडले. चौदा संघांत ती तेरावी आली. खाली उतरण्यापासून एका पायरीने वाचली. पुढची वर्षेही तळाकडेच गेली. टीका झाली, चेष्टा झाली. इकडे समूह एकेक मालमत्ता विकत होता. साखरेचा उद्योग गेला, यांगूनमधील भव्य संकुल गेले, शेतीच्या कंपनीचा ताबाही दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला. ज्या वर्षांत घरातले एकेक भांडे बाहेर जात होते, त्या वर्षांत अकादमी व संघ मात्र चालूच राहिले.

या चिकाटीचे फळ प्रथम पदरात पडले ते राष्ट्रीय संघाच्या. २०१७ मध्ये कोरियाचे पार्क हांग-सिओ राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. त्यांना आणण्यातही दुक यांचा पुढाकार होता. जानेवारी २०१८ मध्ये चीनच्या चांगचौ शहरात तेवीस वर्षांखालील आशियाई स्पर्धेत व्हिएतनाम अंतिम फेरीत पोचला. त्या संघाचा कर्णधार शुआन त्रुऑंग होता. उपांत्य सामन्यात कतारविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली ती वान थान्हने. तोही हाम रोंगचाच. अंतिम सामना कोसळत्या बर्फात झाला आणि उझबेकिस्तानने तो २-१ असा जिंकला. पण हरून परतलेल्या त्या मुलांच्या स्वागताला हनोईचे रस्ते अपुरे पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस दहा वर्षांनी आग्नेय आशियाचे विजेतेपद व्हिएतनामकडे आले. २०१९ च्या आशियाई चषकात जॉर्डनविरुद्ध बरोबरीचा गोल केला तो कॉन्ग फुऑंगने, ज्याला किरकोळ म्हणून परत पाठवले होते त्या मुलाने. तो सामना पेनल्टींवर जिंकून व्हिएतनाम अंतिम आठांत पोचला.

प्लेइकूला स्वतःचा चषक मात्र मिळत नव्हता. २०२१ मध्ये तो मिळेल असे वाटले. एकेकाळचा खेळाडू कियातिसुक आता प्रशिक्षक म्हणून परतला होता. मुले पंचविशी ओलांडून तयार झाली होती. एप्रिलमध्ये बलाढ्य हनोईला १-० असे हरवले तेव्हा मैदान प्रेक्षकांना पुरले नाही. बारा फेऱ्यांत नऊ विजय, दोन बरोबरी, एक पराभव. २९ गुणांसह जिया लाय सर्वांत वर. तेवढ्यात करोनाची लाट आली. स्पर्धा थांबली, लांबली आणि अखेर ऑगस्टमध्ये रद्द झाली. विजेता कोणालाच घोषित केले नाही. सतरा वर्षांची प्रतीक्षा अशी कोऱ्या पानावर संपली. त्याच सुमारास खाणींच्या पैशावर उभा असलेला उत्तरेकडील क्वांग निन्ह प्रांताचा संघ पगार थकल्यामुळे बंद पडला. दुःख दोन्हीकडे होते; पण जिया लायला पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरता आले, क्वांग निन्हला आले नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत करार संपत गेले आणि पहिल्या तुकडीची मुले एकेक करून निघून गेली. दुक यांच्या समूहाजवळ आता त्यांना थांबवण्याइतका पैसा नव्हता. केळी आणि डुरियन यांच्या बागा लावून ते कर्ज फेडण्याच्या मागे लागले होते. २०२३ मध्ये संघाच्या नावाआधी एका बँकेचे नाव लागले. वान थान्ह हनोईच्या पोलीस संघात गेला आणि २०२३ चा विजेता ठरला. वान तोआन, हाँग दुय व तुआन आन्ह हे तिघे नाम दिन्ह या उत्तरेकडील जुन्या, खेळवेड्या प्रांताच्या संघात एकत्र आले. २०२४ मध्ये नाम दिन्हने १९८५ नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ज्या चषकासाठी प्लेइकूच्या लाल मातीत ती मुले अनवाणी पळाली, तो अखेर त्यांच्या हाती आला. पण दुसऱ्याच्या अंगणात. त्या हंगामात प्लेइकूचा संघ बराच काळ तळाशी झगडत होता.

यावर जमाखर्च मांडायचा तर काय मांडावे? नावे बाजूला अकादमीचा वर्षानुवर्षांचा खर्च, हातून गेलेले चषक, वर घसरलेले स्थान. जमा बाजूला, संघाच्या खात्यात, फारसे काही नाही. कोणतीही बँक अशा ताळेबंदावर कर्ज देणार नाही, आणि तिने देऊही नये. ठेवीदारांचा पैसा स्वप्नावर लावण्याचा अधिकार बँकेला नसतो. रबराच्या मळ्यांनी हेच शिकवले: ज्या पिकाची मुदत मोठी, ते उसन्या पैशावर लावू नये. झाड आपल्या वेळेने वाढते, व्याज आपल्या वेळेने.

परंतु प्रत्येक घराची एक दुसरीही वही असते. धाकट्या भावाला शिकवले, पेढीवर आलेल्या अनोळखी मुलाला धंदा शिकवला आणि तो पुढे स्वतःचे दुकान काढून समोरच बसला. यांची नोंद कोणत्या खात्यात करावी? जुनी माणसे ती तोट्यात धरत नसत. ‘आपल्या हाताखालून गेला’ एवढेच म्हणत, आणि त्या म्हणण्यात अभिमान असे. बाउ दुक यांच्या खात्यात एक देश असा जमा आहे, ज्याने खेळावरचा विश्वास गमावला होता आणि परत मिळवला. किरकोळ म्हणून परत पाठवलेला एक मुलगा जमा आहे. आणि हेही जमा आहे, की २००२ मध्ये वर चढलेला हा डोंगरातला संघ २०२५ पर्यंत एकदाही खाली उतरला नाही, तर त्याच्याहून श्रीमंत कितीतरी संघ नावासकट पुसले गेले.

१ जुलै २०२५ रोजी व्हिएतनामने प्रांतांची पुनर्रचना केली. जिया लाय आणि दुक यांची जन्मभूमी बिन्ह दिन्ह हे दोन प्रांत एक झाले. नव्या प्रांताचे नाव जिया लायच राहिले. राजधानी मात्र समुद्रकाठच्या क्वी न्योनला गेली. प्लेइकू आता प्रांताची राजधानी उरलेली नाही. ज्या लाल मातीत ती मुले वाढली, ती मात्र तिथेच आहे. मुदत ठेव मुदतीअंती ज्याच्या नावाची असते त्याला मिळते. ठेवताना ती कोणाच्या नावाने ठेवली होती, हे प्रत्येक मालकाने स्वतःला विचारायचे असते. दुक यांनी ती उद्योगाच्या नावाने ठेवली असेल, तर ती बुडाली. मुलांच्या नावाने ठेवली असेल, तर व्याजासकट परत मिळाली आहे.